अंगणातल्या गाडीला दुसरा एसी

माझे यजमान माघात गेले. घरातच, मधल्या खोलीत, सकाळच्या वेळी. भटजींनी पंचांग पाहिलं आणि नक्षत्र चांगलं नाही म्हणून सांगितलं. सहा महिने घर सोडावं लागेल. कर्नाटकातल्या आमच्या जोयडा भागात हे अजून पाळतात. तेरावं झालं की घराला कुलूप लावायचं. आत चूल पेटवायची नाही, दिवा लावायचा नाही, घरच्या माणसाने उंबरा ओलांडायचा नाही. सहा महिन्यांनी नक्षत्राची शांती करायची आणि मग आत जायचं.

मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण तेराव्याला संध्याकाळी अक्काने कुलूप हातात दिलं आणि मी ते लावलं. लावताना आत वळून बघायचं नाही असं तिने सांगितलं, तेही पाळलं. वाद घालण्यासाठी माणसाला काहीतरी हवं असावं लागतं. मला तेव्हा काही नको होतं.

अक्का म्हणजे यजमानांची थोरली बहीण. लग्नानंतर चार वर्षांत विधवा होऊन माहेरी आली ती कायमची. मी या घरात आले तेव्हा ती होतीच. आम्हा नवरा-बायकोला मूल झालं नाही. त्यामुळे यजमान गेल्यावर घरात उरलो आम्ही दोघी, आणि त्या घरातही आम्हाला जाता येत नव्हतं.

खानापूरला अक्काची भाची असते. ती न्यायला आली होती. अक्का म्हणाली, "अंगण सोडायचं न्हाई. दार बंद आसलं तरी दाराफुडं आपलं माणूस पायजे."

हे भटजींनी सांगितलेलं नव्हतं. तिचं तिनेच ठरवलं असावं. भाची माझ्याकडे बघत होती, मी काही बोलेन म्हणून. मग आम्ही अंगणातल्या गाडीत राहायला गेलो.

ती गाडी यजमानांनी बनवलेली. ते गणेशगुडीला धरणाच्या वर्कशॉपमध्ये होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी शाळेच्या मुलांची ने-आण करणारी एक जुनी गाडी विकत घेतली, सीटं उपटून काढली आणि दोन वर्षं खपून तिचं राहण्याचं वाहन केलं. पुढे ड्रायव्हरच्या मागे एक बाकडं, गॅसची शेगडी आणि छतावर एसी. मध्ये न्हाणीघर आणि कपाट. मागे आडवी खाट, आणि खाटेच्या बरोबर वर छताला एक चौकोनी झरोका, झाकणाचा. या गाडीतून आम्ही दोनदा प्रवास केला. एकदा गोकर्णाला, एकदा कोल्हापूरला. दोन्ही वेळा अक्का घरी राहिली. मोटारीत हगायची सोय केलेली तिला पसंत नव्हती.

आम्ही गाडीत सामान हलवत होतो तेव्हा माझे चुलत दीर बघायला आले. त्यांनी आत डोकं घातलं आणि म्हणाले, "अक्का, ह्येबी घरच झालं की. चूल हाय आत."

"चाकं हाईत रं त्येला. चाकाचं घर आसतंय व्हय?"

"मग काय म्हणायचं ह्येला?"

"मोटारीत बसलोय आमी. सहा म्हैन्यांचा परवास हाय."

"तिकीट काढलासा न्हवं?" दीर म्हणाले. अक्का हसली. तेराव्यानंतर तिथे कुणीतरी पहिल्यांदा हसलं असेल. मी भांडी लावत होते.

फाल्गुन बरा गेला. रात्री गारवा असायचा. माझी पुस्तकं घरात राहिली होती, कपाटभर. गाडीत वाचण्यासारखं एकच होतं, यजमानांची एक फाईल. तिच्यात पंपाचं, बॅटरीचं, एसीचं माहितीपत्रक, आणि त्यांच्या अक्षरातले वायरींचे नकाशे. मी ते वाचत असे. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत आणि पुन्हा पहिल्यापासून. कुठली वायर कुठे जाते ते मला पाठ झालं. ते माहीत करून घ्यावं असं मला वाटत होतं असं नाही. डोळ्यांना ओळी हव्या होत्या, तेवढंच.

चैत्रात गाडी तापायला लागली. लोक आमच्याकडे गारव्याला येतात, काळी नदीत होड्या घेऊन उतरतात. जंगलात सावली आहेच, पण आमची गाडी उन्हात उभी होती. छतावर सोलरची पाटी आहे, तिला ऊन मिळावं म्हणून यजमानांनी ती अंगणाच्या मधोमध लावलेली. आम्हा दोघींना गाडी चालवता येत नाही. दुसऱ्या कुणाकडून हलवावी तर सावली एकाच झाडाची, फणसाची, आणि फणस धरलेले, ते छतावर पडणार. पुढचा एसी पुढचं तेवढं गार करायचा. मध्ये न्हाणीघराची भिंत असल्याने ती हवा मागच्या खाटेपर्यंत पोचत नसे. अक्काला पुढे झोपवून पाहिलं. बाकडं अरुंद, एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर होताना ती खाली पडली. त्यानंतर ती मागेच झोपू लागली, आणि मी पुढे.

अक्काला जुना दमा आहे. हृदयही आता थकलंय असं डॉक्टर म्हणतात. एका दुपारी चारच्या सुमाराला मी चहा घेऊन मागे गेले तर ती खाटेवर बसलेली होती, तोंड उघडं, ओठ पांढरे. चोळीच्या गाठी सोडलेल्या. मला बघून ती म्हणाली, "आई, दार उघड गे."

मी चहा खाली ठेवला. पलीकडे राफ्टिंगवाल्यांचा तळ आहे, तिथून जीप बोलावली. तालुक्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत ती माझ्या मांडीवर होती. तिचा श्वास आत जाताना शिट्टीसारखा वाजायचा आणि मग थांबायचा. थांबला की मी जीपच्या खिडकीबाहेर बघायची. पुन्हा वाजला की तिच्याकडे. मला भीती वाटत होती की नाही, सांगता येत नाही. माझे हात गार होते आणि मला झाडं दिसत होती.

डॉक्टर तरुण होत्या, हुबळीकडच्या. त्या कन्नडमध्ये म्हणाल्या की हे उन्हाचं आहे, आणखी एकदा असं झालं तर तुम्ही इथपर्यंत पोचणार नाही. यांना गार जागी ठेवा.

गार जागा आमच्याकडे होती. जाड भिंतींचं, कौलारू घर, गाडीपासून वीस पावलांवर. सलाईन चालू असताना मी अक्काला म्हटलं, "घर उघडू या. मी भटजींशी बोलते."

"मी मेल्यावर उघड," अक्का म्हणाली.

"तसंच होईल अशानं."

"व्हऊ दे. मग आनि सहा म्हैनं वाढतील तुझं. बस मोटारीत एकटी."

तिला बोलताना धाप लागली. शेजारच्या खाटेवरची बाई तोंडाला पदर लावून हसत होती. मी अक्काकडे बघितलं आणि मला कळलं की ही खरंच मरेल, पण आत जाणार नाही. आणि ही गेली तर माझ्याशी बोलणारं कुणी राहणार नाही. हे मी अगदी शांतपणे मनात म्हटलं, जसं फळ्यावरचं वाक्य वाचावं. दुसऱ्या दिवशी रामनगरच्या मिस्त्रीला फोन केला.

हा मिस्त्री फ्रीज आणि एसी दुरुस्त करतो. पन्नाशी ओलांडलेला माणूस. पहिला एसी बसवताना यजमानांच्या हाताखाली होता, किंवा यजमान त्याच्या हाताखाली होते. दोघेही दुसरा आपल्या हाताखाली होता असंच सांगायचे. यजमानांना तो अण्णा म्हणायचा. तो आला, बूट काढून गाडीत चढला, मागच्या खाटेवर उभा राहिला आणि झरोक्याच्या चौकटीला टेप लावला.

"बाई, भोक तयारच हाय बघा. चौदा बाय चौदा. छत कापायला नको. झाकण काढायचं आणि एसी त्येच्यावरच बसवायचा. अण्णांनी माप घिऊनच केलंय हे."

"मुद्दाम केलंय?"

"मग? मला म्हणालेले, फुडंमागं दुसरा लावायला येतंय."

मला त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं. फाईलमध्येही नव्हतं. मी मान हलवली.

मिस्त्रीने पडवीतली वायर हातात धरली. घराच्या भिंतीवरच्या प्लगातून ती गाडीपर्यंत येत होती. "ही बघा कशी कोमट लागतीय. एका एसीला कशीबशी चालतीय. दुसरा लावला तर वायर शिजंल. जाड केबल टाकाया पायजे, आन् बोर्डापासनं वेगळी लाईन. बोर्ड कुठं हाय?"

बोर्ड घरात होता. दाराच्या आत, सोप्याच्या डाव्या भिंतीवर.

अक्का पडवीसमोर फणसाखाली खुर्चीत बसली होती. दवाखान्यातून आल्यापासून तिला आम्ही दिवसा तिथे बसवत असू, दीर लांब काठीने खुर्चीच्या वरचे तेवढे फणस उतरवून गेले होते. ती म्हणाली, "आत जायचं न्हाई."

"बाई न्हाई जात, मी जातो."

"तूबी न्हाई."

"मग काय अक्का, करंटला बाहीर हाक मारू काय? ये रे बाबा म्हणून?"

अक्काने भटजींना फोन लावायला सांगितला. मी लावला आणि तिच्या कानाला धरला. ती बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, "भायेरच्याला दोष न्हाई म्हणतात. पर दिवा लावायचा न्हाई."

"बोर्ड अंधारात कसा बघू?" मिस्त्रीने खिशातून मोबाइल काढून त्याची बॅटरी लावून दाखवली. "ह्यो चालतोय न्हवं? ह्यो दिवा न्हाई, ह्यो फोन हाय."

अक्का त्या उजेडाकडे बघत राहिली. "वात हाय काय त्यात?"

"न्हाई."

"तेल?"

"न्हाई की."

"मग फोनच त्यो," अक्का म्हणाली.

एसी बेळगावहून आला, रामनगरपर्यंत बसच्या टपावर आणि तिथून मिस्त्रीच्या गाडीतून. वजन पस्तीस किलो. राफ्टिंगच्या तळावरचे दोघे दोर घेऊन आले. त्यांनी खोक्याला होडी बांधतात तशी गाठ मारली आणि मिस्त्री शिडीवरून खाली बघून ओरडत राहिला, "सावकाश रे, मेंढरू न्हाई ते." मिस्त्रीने आधी स्वतः छतावर उभं राहून उड्या मारल्या. छत दबलं नाही. आतून यजमानांनी झरोक्याभोवती लोखंडी पट्ट्या बसवलेल्या होत्या. मग त्याने झाकण उचकटलं. झाकणाखाली डिंकासारखा काळा थर वाळला होता, तो खरवडायला तासभर लागला. त्याचे तुकडे आत खाटेवर पडत होते. मी ते वेचत होते. काही तुकड्यांवर बोटाचे ठसे होते, दाबून बसवताना उमटलेले. मी ते इतर तुकड्यांबरोबर सुपात टाकले आणि सूप बाहेर रिकामं केलं.

दुपारी बाराला एसी भोकावर बसला, खालून बोल्ट कसले. मग घरात जायची वेळ आली.

किल्ली अक्काच्या कमरेला होती. तिने ती सोडून मिस्त्रीच्या हातात दिली, माझ्या नाही. मी पडवीत उंबऱ्याच्या बाहेर उभी राहिले. कुलूप गंजलं होतं, त्याने तेल सोडलं. दार उघडलं तसा आतला कोंडलेला वास आला. पुस्तकांचा, धान्याचा. मिस्त्री फोनचा उजेड पुढे धरून आत गेला. त्याने विचारलं, "बाई, काय हवं असलं तर सांगा, घिऊन येतो." एखादं पुस्तक मागावं असं माझ्या मनात आलं. कुठलं ते आठवेना. अडीच महिन्यांपूर्वी मी काय वाचत होते तेही आठवेना. मी नको म्हटलं.

त्याने मेन खाली पाडला. तेव्हा घरातला एक आवाज थांबला. असा काही आवाज होता हे तो थांबल्यावरच कळलं.

बोर्डाचं काम अर्ध्या तासात झालं. केबल खिडकीच्या गजातून बाहेर आली. मेन परत वर केला आणि तो आवाज पुन्हा हळूहळू सुरू झाला. मिस्त्री दारात आला. घाम पुसत होता.

"बाई, मधल्या खोलीतला फॅन चालू हाय. तुमी ठेवलाय व्हय मुद्दाम?"

थांबून पुन्हा सुरू झालेला आवाज त्याचा होता.

तेराव्याला मधल्या खोलीत होम झाला होता. धूर जावा म्हणून कुणीतरी पंखा लावला असणार. नंतर माणसं जेवून गेली, आम्ही सामान बाहेर काढलं, मी कुलूप लावलं. वळून बघायचं नव्हतं. तेव्हापासून तो फिरत होता. आमच्याकडे वीज सारखी जाते. ती गेली की थांबत असेल, आली की आपोआप सुरू होत असेल. खाली खाट नव्हती, ती आम्ही देऊन टाकली होती. रिकाम्या जमिनीवर अडीच महिने वारा. वीस पावलांवर आम्ही गाडीत उकडत होतो.

"बंद करू काय?" मिस्त्रीने विचारलं.

"बंद कर रं," अक्का खुर्चीतून म्हणाली.

"राहू दे," मी म्हटलं.

माघापासून मी स्वतःसाठी कुणाकडे मागितलेली ती पहिली गोष्ट होती. माझा आवाज मलाच मोठा वाटला. अक्काने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. नक्षत्र मानणारी ती, न मानणारी मी. मिस्त्री आळीपाळीने दोघींकडे बघत होता.

"कुणासाठनं गे?" अक्का म्हणाली.

मी खांबाला धरून उभी होते.

"मेलेल्या माणसाला वारं कशाला? त्यो गेला. त्येला आता उकडत न्हाई की थंडी वाजत न्हाई. मला उकडतंय."

एवढं सलग बोलल्यावर तिला खोकला आला. ती पुढे वाकली, खुर्चीचे हात धरले, आणि शिट्टी वाजू लागली. मी पडवीतून उतरून तिच्याजवळ गेले. तिची पाठ माझ्या तळव्याखाली वर-खाली होत होती. पाठ तापली होती, फणसाखाली असूनही.

"बंद करा," मी मिस्त्रीला म्हटलं, "आणि ती गाडीतली मशीन लवकर चालू करा."

तो आत गेला. या वेळी त्याने फोनचा उजेड लावला नाही, खोली त्याला कळली असावी. मग दार लावलं, कुलूप घातलं आणि किल्ली आणून दिली. ती मी घेतली, कारण अक्काचे हात मोकळे नव्हते.

गाडीत त्याने मला समजावून सांगितलं. आधी पुढचा सुरू करायचा. पाच मिनिटं थांबायचं. मग मागचा. दोन्ही एकदम सुरू केले तर ओढ फार पडते आणि बटण पडतं. संध्याकाळी व्होल्टेज उतरलं की पुढचा बंद ठेवायचा. "मागचा मात्र बंद करू नका, बाई. अक्काचा हाय त्यो." मी हे सगळं फाईलमध्ये कोऱ्या कागदावर लिहून घेतलं, यजमानांच्या नकाशांच्या मागे लावलं. त्यांच्या अक्षरानंतर माझं अक्षर फार गोल दिसत होतं.

आम्ही दोघांनी अक्काला मागच्या खाटेवर नेलं. मिस्त्रीने मागचा एसी सुरू केला. आधी नुसता आवाज, मग प्लास्टिकचा वास, मग गार हवा थेट तिच्या तोंडावर. तिने डोळे मिटून घेतले. मिस्त्री शिडी बांधून निघाला, जाताना सांगून गेला की कडेचा डिंक दोन दिवस सुकू द्या, छतावर पाणी मारू नका.

मी पुढच्या बाकड्यावर येऊन बसले. थोड्या वेळाने मागून हाक आली.

"काय करूलालीस तितं?"

"बसलेय."

"हितं ये. जागा हाय."

चाळीस वर्षं आम्ही एका घरात राहिलो, पण एका अंथरुणावर कधी झोपलो नव्हतो. ती भिंतीकडे सरकली. मी कडेला आडवी झाले. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता, हाडाचा, हलका. तिच्या श्वासातली शिट्टी अजून होती, पण बारीक झाली होती आणि मध्ये थांबत नव्हती. माझ्या डोळ्यांसमोर तो नवा चौकोन होता, पांढरा, चार बाजूंनी फटी असलेला. त्यातून वारा येत होता. मला त्यातून काहीच वाटत नव्हतं, गार सोडून.

"गे," अक्का म्हणाली, "पावसात गळंल काय हे?"

आमचा पाऊस कसा असतो हे सांगायला नको. तो लागला की श्रावण संपेपर्यंत सूर्य दिसत नाही. सहा महिने श्रावणात पुरे होणार होते.

"गळणार नाही म्हणालाय तो."

"बघूया की." तिने पदर मानेपर्यंत ओढून घेतला. "गळलं तर भांडं लावाया लागंल. लई आडोसा न्हाई हितं. मेणकापड घिऊन ठिव बाजारातनं, आत्ताच. मग महाग व्हतंय."

"आणते."

"उद्याच जा. कुंभारवाड्याच्या बसनं जा, ती रिकामी आसती."

मी हो म्हटलं. ती आणखी काहीतरी सांगत होती, मेणकापडाच्या रंगाबद्दल असावं, आणि सांगता सांगता झोपली.